अडलेले पाऊल आणि टाळाचा ठेका

नेहमी आपण एखादा चरण घेऊन त्याचा विस्तार करीत असतो. यावेळीही चरणच घेतला आहे; मात्र तो अभंगाचा नव्हे, माणसाच्या पायाचा.

प्रसंग असा झाला की, विरारच्या बाजूच्या एका भजनी मंडळाची चार मंडळी आमच्याकडे एक वाद घेऊन आली. त्यांच्यात एक जुने टाळकरी आहेत. वय सत्तरीच्या घरात. जन्मभर वाडीत केळीची कामे केली, संध्याकाळी हरिपाठ चुकवला नाही, आणि कार्तिकीला आळंदीची पायी दिंडी सोडली नाही. तीन-चार वर्षांपासून त्यांचा उजवा हात कापतो. टाळाचा घाव मागे पडतो. पाउली खेळताना पाय जागच्या जागी खिळतात आणि मागचा गडी अंगावर येतो. मंडळात कोणी म्हणाले, "बाबांमुळे ताल मोडतो, यंदा त्यांना घरीच राहू द्या." दुसरा म्हणाला, "नामाला निघालेल्याला अडवणारे आपण कोण? चालतील तसे चालतील!" वाद वाढला, आणि निकाल द्या म्हणून आमच्यापुढे आला. आम्ही म्हटले, निकाल मागाहून. आधी दुखणे काय आहे ते पाहू. कारण भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना तेच नीटसे ठाऊक नव्हते.

या दुखण्यास आपल्याकडचे वैद्य कंपवात म्हणतात. डॉक्टर त्याला पार्किन्सन्स म्हणतात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ साली एक निबंध लिहून सहा रोग्यांचे वर्णन केले; त्यांतले काही तर त्याला रस्त्यात चालताना दिसलेले होते. त्याचा जन्मदिवस ११ एप्रिल. तो आता जगभर या रोगाचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या चरकाचार्यांनी वाताचे जे ऐंशी विकार मोजले, त्यांत वेपथु म्हणजे कंप आहेच. परंतु येथे आमच्यासारख्या पोथीवाल्यांना एक मोह होतो, की सारे काही आमच्या ग्रंथांत होतेच. तसे म्हणू नये. कंप पाहणे निराळे आणि त्याचे मूळ मेंदूत कोठे आहे ते शोधणे निराळे. ते शोधण्यात पुढच्यांचा शंभर-दीडशे वर्षांचा काळ गेला.

ते मूळ असे. मेंदूच्या आत मध्यभागी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहान पट्टा आहे. वैद्यकात त्याचे नावच 'काळे द्रव्य' असे पडले आहे. (सावळ्याचे भक्त आपण, आपल्याला हे नाव ऐकून बरे वाटते!) त्या पेशी डोपामिन नावाचा रस तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिला वेग देणे, एकीतून दुसरीत सहज जाणे, ही कामे या रसाच्या आधाराने चालतात. त्या पेशी हळूहळू झडू लागल्या म्हणजे हा रोग होतो. आणि लक्षणे दिसू लागतात तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. बहुधा साठीनंतर होतो, क्वचित चाळिशीतही गाठतो. हा लकवा नव्हे. हातापायांतील बळ गेलेले नसते.

मग गेलेले असते काय? श्रोतेहो, येथे गीतेच्या अठराव्या अध्यायाची आठवण होते. कोणतेही कर्म घडण्यास भगवंतांनी पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करणे म्हणजे इंद्रिये, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. यांतील चौथे कारण आपण पाठांतराच्या ओघात म्हणून जातो, त्याजकडे थांबून पाहत नाही. आचार्यांनी भाष्यात या चेष्टा वायूच्या आहेत असे म्हटले आहे. माउलींनीही तेथे प्राणाच्या क्रियाशक्तीचाच विस्तार केला आहे. वाग्भटाने व्यान वायूची कामे सांगताना गती, अवयव खाली टाकणे, वर उचलणे, आणि पापण्यांची उघडझाप, इतकी एकत्र सांगितली. आता या रोग्याकडे पाहा. गती मंद, पाऊल उचलत नाही, आणि पापणीसुद्धा आपल्याहून कमी वेळा लवते. देह आहे, इंद्रिये धड आहेत, कर्ता तर पूर्ण जागा आहे, 'चल' म्हणून आतून आज्ञाही करतो आहे. आज्ञा आणि पाऊल यांच्यामध्ये जी चेष्टा, तिचा दोर तेवढा सैल झाला आहे. पाचांपैकी एक कारण लंगडे पडले की कर्म अडते, हे आम्ही विद्यार्थिदशेत घोकले होते. खरे अडलेले पाऊल पाहीपर्यंत त्याचा अर्थ पोटात उतरला नव्हता.

हे सारे वारकऱ्याच्या घरात कसे दिसते, तेही सांगितले पाहिजे. म्हणजे वेळीच ओळख पटेल. पुष्कळांचा वासाचा गुण हात कापण्याच्या कित्येक वर्षे आधीच जातो. कपाळी बुक्का लावला, तुळशीची मंजिरी नाकाशी धरली, तरी काही समजत नाही. (वास जाण्याला इतरही शंभर कारणे आहेत, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका.) अभंगाची वही उतरवणाऱ्याचे अक्षर ओळीच्या शेवटी बारीक बारीक होत जाते. चालताना एका बाजूचा हात झुलत नाही. सदऱ्याचे बटण लागत नाही. आवाज खाली जातो, इतका की, शेजारच्यालाही अभंग ऐकू येत नाही. चेहऱ्यावरचे स्नायू स्थिर होतात, म्हणून हसू आतच राहते. हात कापतो तो विशेषतः मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना; काही धरायला गेला की पुष्कळदा कंप कमी होतो. आणि कित्येकांना कंप नसतोही.

यांतून लोक काय काय तर्क काढतात! तोल जातो, तर म्हणे प्यालेला दिसतो. कीर्तनात चेहरा हलत नाही, तर म्हणे भाव आटला. काल जिना चढला आणि आज ओटीवर अडला, म्हणजे सोंग करतो. अहो, पु. ल. देशपांड्यांनी साऱ्या महाराष्ट्राला हसवले, पेटीवर बोटे अशी फिरवली की ऐकतच राहावे. त्यांना याच रोगाने गाठले होते, आणि १२ जून २००० रोजी ते गेले तेही त्याच्याच उपद्रवांनी. आमच्या वसईच्या ख्रिस्ती बांधवांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली ज्यांनी केला, ते पोप दुसरे जॉन पॉल अखेरची वर्षे हाच कंप घेऊन लोकांसमोर उपासनेला बसत होते. त्यांची श्रद्धा आटली होती असे म्हणण्याची कोणाची छाती होईल?

आता त्या अडलेल्या पावलाचे कोडे पाहू. यातच आपल्या वादाचा निकाल आहे.

निरोगी मनुष्य चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल ठरवून टाकत नाही. आत एक ठेका चालू असतो, त्यावर पाय पडत जातात. कंपवातात हा आतला ठेका बिघडतो. मग दरवाजात, अरुंद वाटेत, वळताना, गर्दीत, घाईत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. विरार लोकलच्या दारात मागून लोंढा येत असता हे झाले तर काय होईल, हे या भागातल्या माणसाला सांगावयास नको. देवळाच्या दाराशीही असेच होते. देव समोर दिसतो, आणि पाय हलत नाही. मागून कोणीतरी "चला, चला पुढे" म्हणून रेटतो, तसतसा तो अधिकच खिळतो.

परंतु नवल हे की, आतला ठेका गेला तरी बाहेरचा ठेका कामाला येतो. जमिनीवर आडवी रेघ ओढली, तर ती ओलांडण्यासाठी पाय उचलतो. सपाट जागी अडणारा मनुष्य जिना बरा चढतो, कारण प्रत्येक पायरी त्याला 'येथे पाऊल टाक' असे सांगते. पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हेच हेरले. काकांना जिना उतरता येई, सपाट जमिनीवर मात्र पाय अडत. तेव्हा त्यांनी सपाट जमिनीवरच पायऱ्यांचे चित्र अंथरले, आणि काका त्यावरून चालू लागले. ही हकीकत त्यांनी २०१५ साली एका जाहीर भाषणात सांगितली, ती जगभर पोचली. डोळ्यांना पायरी, तशी कानांना टाळी. एक-दोन, एक-दोन असा समान आघात कानी पडत राहिला, तर पावलांची लांबी व वेग सुधारतो, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले आहे. पुण्यातच हृषीकेश पवार यांनी या रोग्यांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. संगीताबरोबर ही मंडळी हालचाल करतात, तोल सांभाळतात.

हे वाचताना वारकऱ्याच्या मनात काय आले असेल ते आम्ही ओळखतो. समान आघात, मोजके पाऊल, पुढे पताका, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांची रांग, मध्ये वीणा आणि पखवाज! ही तर आपली दिंडी झाली. खरे आहे. पण जरा थांबा, लगेच टाळी वाजवू नका. यात एक गोम आहे, आणि ती न ओळखल्यामुळेच विरारच्या मंडळाचे भांडण झाले.

दिंडीतला टाळकरी एका वेळी किती कामे करतो हे कधी मोजले आहे काय? तो चालतो. दोन हातांनी टाळ वाजवतो, म्हणजे डावा आणि उजवा यांना एकाच क्षणी भेटवतो. तोंडाने अभंग म्हणतो. चाल बदलली की पाउलीही बदलतो. वर शेजारच्याला धक्का लागू देत नाही. धडधाकट माणसाची यांतली चार कामे आपोआप होतात, म्हणून त्याला ती पाच आहेत हेच कळत नाही. कंपवातात हे 'आपोआप'च गेलेले असते. प्रत्येक काम लक्ष देऊन करावे लागते, आणि लक्ष तर एकच. ते टाळाकडे गेले की पाय अडतो, पायाकडे गेले की टाळ चुकतो, आणि दोन्ही सांभाळू गेले तर मनुष्य पडतो. पडला की या वयात खुब्याचे हाड मोडते.

म्हणून "बाबा ताल मोडतात" म्हणणाऱ्याचे म्हणणे डोळ्यांना दिसले तेवढ्यापुरते खरे. आणि "चालतील तसे चालू द्या" म्हणणाऱ्याचे प्रेम खरे, पण त्यात धोका आहे. आम्ही दोघांना सांगितले: चालताना बाबांच्या हातात टाळ देऊ नका, त्यांच्या कानाशी द्या. त्यांच्या शेजारी एक जाणता टाळकरी ठेवा. त्याने गर्दीचा ताल सोडून बाबांच्या पावलाला बेताचा होईल असा संथ, एकसारखा ठेका द्यावा. बाबांनी फक्त चालावे. मुक्कामावर बसल्यावर हरिपाठाला टाळ खुशाल त्यांच्या हाती द्यावेत. तेथे पायांचे काम नाही. घाव मागे पडला तर पडला! हरिपाठ काही तबल्याची परीक्षा नव्हे.

त्यांतला एक तरुण हळूच म्हणाला, "पण बुवा, टाळ काढून घेतले तर बाबांना काय वाटेल?" प्रश्न मोलाचा होता. त्याचे उत्तर आम्ही दिले नाही. तो बाबांनाच विचारावा म्हणून सांगितले. कारण एक गोष्ट आमच्या लक्षात आली होती. चौघे वाद घेऊन आले, पण ज्यांचा वाद त्यांना बरोबर आणले नव्हते. आवाज बारीक झाला म्हणजे मतही गेले असे लोक धरून चालतात. अशा माणसाला प्रश्न विचारावा आणि मग गप्प बसावे. उत्तर येण्यास वेळ लागतो, पण येते.

आता औषधाविषयी. १९६० नंतरच्या दहा वर्षांत लेव्होडोपा नावाचे औषध वापरात आले. ते पोटात जाऊन मेंदूत डोपामिन बनते. रोग मुळापासून जात नाही, परंतु अडलेला माणूस चालता होतो. आपल्या कवचबीजात, ज्याला रानात खाजकुयली म्हणतात, त्यात हेच द्रव्य असते; दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे केले होते. म्हणून कोणी बाजारातून चूर्ण आणून चमच्याने देऊ लागतो. तसे करू नये. गोळीतही तेच, चुर्णातही तेच, आणि चुर्णात ते किती हे कोणी मोजलेले नाही. दोन्ही मिळून जास्त झाले तर अंग आपोआप वेडेवाकडे हलू लागते, भास होतात. जे घ्यावयाचे ते डॉक्टरांना सांगूनच घ्यावे.

गोळीची वेळ चुकवू नये. अनेकांना दूध, डाळी, शेंगदाणे यांच्याबरोबर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टर ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावयास सांगतात. एकादशीला तर आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या कुटाने भरलेली आणि वर पेलाभर दूध! त्याच दिवशी बाबा जास्त का अडले, याचे उत्तर पुष्कळदा ताटातच असते. काही निष्ठावंत एकादशीस गोळीच घेत नाहीत, उपवास मोडेल म्हणून. शास्त्रकारांनी व्रताला बाध न आणणाऱ्या ज्या आठ गोष्टी मोजल्या आहेत, त्यांत पाणी आहे आणि औषधही आहे. तेव्हा गोळी आणि तिच्याबरोबरचे पाणी यांनी एकादशी मोडत नाही, हे आम्ही जबाबदारीने लिहितो. हे औषध एकाएकी बंद केल्याने अंग ताठून, ताप चढून जिवावर बेतू शकते. आणि लोटांगण घालणाऱ्यांनी उठताना सावकाश उठावे. या रोगात व त्याच्या औषधांनीही उभे राहताना रक्तदाब उतरतो, चक्कर येते.

कोणी विचारतील, बुवा, नामाने हा रोग जाणार नाही काय? आम्ही चाळीस वर्षे नामाचा महिमा गात आलो, आणि तरीही म्हणतो की, नाम घ्या व गोळीही घ्या. नामाला औषधाच्या दुकानात बसवणे हा नामाचा मोठेपणा नव्हे. 'माळ जपा, गोळ्या फेकून द्या' असे सांगणारा कोणी भेटला, मग तो कितीही मोठ्या गादीवर बसलेला असो, त्याच्या पाया पडून मुकाट्याने घरी यावे.

दुसरे कोणी म्हणतात, प्रारब्ध. प्रारब्ध हा शब्द संतांनी स्वतःचे दुःख सोसण्यासाठी वापरला. दुसऱ्याच्या दुःखापुढे उभे राहून तो उच्चारला की तो शिवीसारखा लागतो. ज्याला भोगावे लागते त्याने म्हटले तर म्हणू द्यावे. आपण पाण्याचा तांब्या भरून द्यावा.

आणि घरच्यांविषयी थोडे. अशा माणसाच्या घरी खरा कस लागतो तो सुनेचा, मुलाचा, विशेषतः त्याच्या बायकोचा. आंघोळ, सदरा, घास, सगळ्याला तिप्पट वेळ. सकाळी लोकल गाठायची घाई, आणि बाबा उंबऱ्याशी खिळलेले. तेव्हा पुंडलिक आठवावा. दारात साक्षात भगवंत आला, तर पुंडलिकाने आईबापांची सेवा आटोपती घेतली नाही. वीट फेकली आणि देवाला म्हणाला, थांब. आपण नेमके उलटे करतो. लोकलला थांब म्हणता येत नाही, साहेबाला म्हणता येत नाही, म्हणून सगळी घाई बापाच्या अंगावर काढतो. आम्ही कोणाला दोष देत नाही; ज्याची नोकरी चर्चगेटला त्याला सहाचीच गाडी गाठावी लागते. म्हणून उठण्याची वेळ अर्धा तास आधी घ्यावी, इतकेच. बाबा अडले की हात धरून ओढू नये. ओढल्याने वरचे अंग पुढे जाते, पाय मागेच राहतात. शेजारी उभे राहावे. घाई न करता वजन एका पायावरून दुसऱ्यावर हलवावयास सांगावे. आपले पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवे ठेवावे, म्हणजे ते ओलांडतात. नाहीतर सरळ ग्यानबा-तुकारामाचा गजर संथ ठेक्यात म्हणावा. जे माउली स्वतः दमली आहे, तिलाही आठवड्यातून एखादे दुपार कोणीतरी सुटी द्यावी. मंडळातल्या बायकांनी आळीपाळीने जाऊन बसले तर ते भजनापेक्षा कमी नाही.

एकट्याने हे ओझे वाहू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. तेथे रोगी व घरची माणसे एकत्र बसतात, व्यायाम करतात, एकमेकांचे अनुभव ऐकतात. वारकऱ्याला हे नवे वाटू नये.

विरारची मंडळी परत गेली आणि बाबांना विचारून आठ दिवसांनी निरोप धाडला. बाबांचे म्हणणे असे पडले की, पूर्ण वाट चालणार नाही. रोज सकाळची पहिली मजल, ऊन चढण्याआधी, गोळी लागू पडलेली असताना चालेन, पुढे टेंपोत बसेन. टाळ पिशवीत घालून बरोबर घेईन, वाजवणार मुक्कामावर. आणि शेजारी ठेका द्यायला थोरला नातू हवा, कारण मंडळातले सगळे टाळकरी घाई करतात! कार्तिक वद्य एकादशीला आमच्याकडे निर्मळची यात्राही भरते, नातवाचे सारे मित्र तिकडे जाणार. तरी तो आळंदीला यायला तयार झाला आहे. त्याला टाळ येत नाहीत, म्हणून सध्या रोज संध्याकाळी बाबा त्याला शिकवीत असतात. हात कापतो, पण घाव कोठे पडावा हे तोंडाने बरोबर सांगतात.

रामकृष्णहरि.